देगलूरला निघालेलं घर

लातुरात त्या काळी दोनच धंदे जोरात होते. एक डॉक्टर घडवायचा, आणि दुसरा घडू पाहणाऱ्या डॉक्टरांना खोल्या भाड्यानं द्यायचा. श्रीपाद नळेगावकर सरांना पहिला धंदा जमण्यासारखा नव्हता, कारण ते भूगोल शिकवत. भूगोलाची शिकवणी लावून कुणी डॉक्टर झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. गल्लीतून फिजिक्सवाले सर निघाले की पालक चपला काढून नमस्कार करायचे, आणि आमचे सर निघाले की तेच पालक विचारायचे, "सर, फिजिक्सवाले सर इकडून गेले का हो?"

दुसरा धंदा मात्र सरांनी असा केला की गल्लीनं तोंडात बोटं घातली. चांगलं स्लॅबचं घर, खालच्या-वरच्या सगळ्या खोल्या त्यांनी बारावीच्या पोरांना देऊन टाकल्या आणि नवरा-बायको मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. काय हा हावरटपणा, म्हणे लोक! सर हसून सोडून द्यायचे. हावरट म्हटलेलं त्यांना चालत होतं. खरं कारण कळलेलं चाललं नसतं.

खरं कारण हे, की भूकंपाच्या त्या पहाटेपासून सर पक्क्या छताखाली झोपलेलेच नव्हते. पाच वर्षं झाली. किल्लारी राहिली तिकडं, सरांच्या भिंतीला साधी चीरसुद्धा गेली नव्हती. पण त्या पहाटे डोक्यावरचा पंखा जो झुलला, तो सरांच्या पोटात अजून झुलत होता. आणि मजा बघा, भूकंपानंतर 'भूकंपाला घाबरू नका' या विषयावर सगळ्या जिल्ह्यात व्याख्यानं दिली कुणी? याच माणसानं! शाळा म्हणू नका, गणपती मंडळ म्हणू नका. अट एकच, व्याख्यान मैदानात पाहिजे. "मोकळ्या हवेत विचार मोकळे होतात," असं सर सांगायचे आणि लोकांना ते पटायचंसुद्धा.

इंदूताईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. एप्रिलात ती शेड अशी तापायची की वाटायचं भाकरी पत्र्यावरच टाकावी. तरी त्या बाईनं नवऱ्याला कधी तोंडावर 'तुम्ही भिता' म्हटलं नाही. त्यांचं दुःख एकच होतं, माहेर. देगलूरला आई आणि धाकटा भाऊ गुंडेराव. घर माळवदाचं, म्हणजे सागवानी तुळया आणि त्यावर हातभर माती. भूकंपात माणसं गाडली ती असल्याच घरांनी. सर तिकडं पाऊल टाकतील कशाला? एका दिवाळीला पेपर तपासणी, दुसऱ्या दिवाळीला निवडणुकीची ड्यूटी, तिसरीला अंगात कणकण. इंदूताई सकाळच्या एसटीनं एकट्या जायच्या, भाऊबीज करायच्या आणि दिवेलागणीला परत. कारण सर शेडमध्येसुद्धा एकटे झोपू शकत नसत. आई वेशीपर्यंत पोचवायला यायची आणि दर खेपेला म्हणायची, "जावई न्हाई आले? असू दे. पुढल्या बारीला एक रात तरी राहा ग माय, दोघं मिळून."

तर अशा माणसानं त्या उन्हाळ्यात एक जुनी मेटाडोर विकत घेतली.

ती गाडी एका भार्गवी क्लासेसची होती, खेड्यापाड्यांतनं पोरं आणायला वापरलेली. सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की परदेशात लोक गाडीतच घर करून शरद ऋतूत हिंडतात आणि रंग बदलणारी पानं बघतात. "आपणही हिंडू," सर म्हणाले. "गाडीतच झोपू. कुणाच्या दारात ओझं नको."

शेजारचे मलप्पा पाटबंधाऱ्यातनं निवृत्त झालेले. त्यांनी बनियनवरच येऊन गाडी बघितली. "आपल्याकडं कुठली पानं रंग बदलायलीत, सर? आपल्याकडं तूर फुलती तेवढंच."

"निसर्ग बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो, मलप्पा."

"हाव, पण पाण्याची टाकी कुठं हाय? मोरी कुठं काढलाव?"

त्यांच्या बायकोला, रुद्राणीकाकूंना, मोरीपेक्षा वास्तूची काळजी. दार दक्षिणेला आलं तर घराला बरं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर खाजामियाँ खाली गाडीच्या पोटात झोपले होते, तिथूनच ओरडले, "काकू, गाडी वळवली की दार उत्तरेला! असं घर साऱ्या लातुरात कुणाचं न्हाई!" खाजामियाँ म्हणजे मेकॅनिकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. सरांना जगातले सगळे रस्ते नकाशावर दाखवता यायचे, पण गाडी चालवता येत नव्हती.

सुतारानं आत खाट ठोकली, फळ्या मारल्या, शेगडी बसवली. पेंटरनं भार्गवी क्लासेसवर राखाडी रंग मारला, पण एकच हात मारला. त्यामुळे उन्हात नीट बघितलं की खालून 'डॉक्टर इथंच घडतात' हे स्पष्ट वाचता यायचं. मग गाडी आरटीओत पासिंगला गेली आणि तिथं जी अडकली ती अडकलीच. साहेबांनी तिला दोन चकरा मारल्या.

"आत खाट आहे, म्हणजे रुग्णवाहिका. रुग्ण कुठाय?"

"रुग्ण नाही हो."

"शेगडी आहे, म्हणजे उपाहारगृह. त्याला आरोग्य खात्याचा दाखला लागतो."

"अहो, हे घर आहे!"

"घर असेल तर आमच्याकडं कशाला आणलं? नगरपालिकेत जा."

नगरपालिकेतल्या माणसानं घराची चतुःसीमा विचारली. पूर्वेला काय, पश्चिमेला काय?  आज पूर्वेला पानटपरी, उद्या औशाचा किल्ला, सांगणार काय? भूगोलाच्या मास्तरला चतुःसीमा सांगता येऊ नये, यासारखी नामुष्की नाही. त्या दिवशी सरांनी रात्रीचं जेवण टाळलं.

हे हेलपाटे चालू असतानाच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रुद्राणीकाकूंच्या घरी गुंडेरावांचा फोन आला. इंदूताई ओल्या हातानंच पळत गेल्या.

"ताई, आई लई थकलीय. जेवण तुटलंय. डॉक्टर म्हणतेत घाई न्हाई, पण उशीर बी नका करू. दोघं या. जावयाचं नाव काढून राहिलीय ती."

इंदूताई परत आल्या आणि पिशवी काढून साडी घडी करू लागल्या. "मी उद्या सकाळच्या एसटीनं जाते."

सर शेडच्या दारात उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "एकटी कशाला? मी येतो की. चार दिवस राहू. आपली गाडी आहे ना आता!"

इंदूताईंचा हात थांबला. पाच वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. जावई दारात उतरलेला बघून आईचं तोंड कसं होईल, ते त्यांना दिसलं, आणि पोरीची जात, भुलल्या बिचाऱ्या. "किती दिवस लागतील?"

"परवा पासिंग."

परवाचा तेरवा झाला. तेरवा साहेब दौऱ्यावर. इंदूताई रोज सकाळी नेसायला पिशवीतली एक साडी काढायच्या आणि रोज सांजेला दुसरी आत ठेवायच्या. शेवटी खाजामियाँनी शेगडी पोत्यात घातली, खाटेवर रेग्झिन ठोकून तिला सीट केलं आणि गाडी एकदाची पास झाली.

देगलूरचा सरळ रस्ता उदगीरवरून. एसटीत बसलं की माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण मलप्पांनी निघताना खिडकीत तोंड घातलं. "उदगीरच्या रस्त्यानं जाऊ नका बरं. खड्ड्यांनी सगळी भांडी बीदरला जाऊन पडतील. अहमदपूर, कंधार, मुखेड धरा. लांब पडतंय, पण देखावा हाय." सरांनी लगेच मान हलवली. कुणाला म्हणून सांगायचं नाही, पण देगलूर जितकं लांब पडेल तितकं त्यांना हवंच होतं. झोपायला गाडी होती हो; पण आत जाऊन सासूबाईंच्या पाया तर पडावं लागणार! त्या माळवदाखाली किती वेळ बसावं लागेल, याचा हिशेब ते मनात सारखा करत होते.

लातूर सुटलं आणि काळी सपाट रानं लागली. सोयाबीनचे ढीग, तुरीला कळी, ऊन असं की आश्विन आहे की वैशाख कळू नये. पहिल्याच फाट्यावर एका पागोटेवाल्यानं आडवा हात केला. खाजामियाँनी ब्रेक मारला.

"पोरीला ॲडमिशन पायजे. दहावीला चांगले मार्क हायत."

"अहो, ही क्लासची गाडी नाही."

"मग ह्ये काय लिवलंय? वाचता येतंय मला!"

असे पुढं किती भेटले, देव जाणे. अहमदपूरच्या पुढं बालाघाटचे डोंगर लागले, गवत पिवळं पडलेलं, वाऱ्याला गारवा. घाटात बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. इंदूताईंनी गाडी थांबवली आणि डोळा उघडलेली, पण फार मऊ न झालेली फळं एकेक दाबून निवडली. "आईला दात न्हाईत, पण सीताफळ चालतंय," त्या खाजामियाँना म्हणाल्या. नवऱ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत, कारण सर तेव्हा एका गुराख्याला डोंगर कसे तयार होतात ते सांगत होते.

कंधारला पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. किल्ला बघून सरांना राहवेना. "दहाच मिनिटं. तळं बघून येतो." गाडी तळ्याच्या काठाला लागली, आणि त्या दिवशी नेमका बाजार. बघता बघता गाडीभोवती माणसं जमली. लातूरचे क्लासवाले सर आले! लातूरचे! पोरांना पुढं ढकलत बाप आले, आया आल्या.

"मी भूगोल शिकवतो," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

"असू द्या की! डाक्टरला बी लागत असंल भूगोल."

कुणीतरी हाटेलातनं खुर्ची आणली. कुणीतरी म्हणालं, "सर, दोन शब्द बोला पोरांना." आता तुम्हीच सांगा. ज्याला पाच वर्षं फिजिक्सवाल्यांचा पत्ता विचारला गेला, त्याला शेसव्वाशे माणसं हात जोडून 'बोला' म्हणतात. आणि मैदान कसं, वर निव्वळ आभाळ! सर बोलायला उभे राहिले. 'बारावीला घाबरू नका' पासून सुरुवात झाली आणि घसरत घसरत गाडी नेहमीच्या रुळावर गेली. "भीती ही मनाची असते!" सर गरजले. टाळ्या पडल्या.

इंदूताई खिडकीतनं बघत होत्या. एकदा खाली उतरून गर्दीतनं वाट काढत आल्या. "अहो, निघू या ना. आई वाट बघत असंल."

"पाचच मिनिटं," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की इंदूताईंना पुढं बोलवेना.

व्याख्यान संपता संपता मुखेडच्या बाजूनं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस, त्याला ना वेळ ना काळ. धो धो कोसळला. खाजामियाँनी गाडीचा एक दिवा पेटवून बघितला, दुसरा पेटेना. "सर, आता न्हाई जमत. घाटाचा रस्ता, एक डोळा गेलेला. सुबह निघू."

तर त्या घरातला पहिला मुक्काम कंधारच्या तळ्याकाठी झाला. सर पडल्या पडल्या घोरायला लागले. पाच वर्षांत इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती. जमीन हलली तरी खाली चाकं आहेत, एवढा भरवसा पुरला. इंदूताई सीताफळांची टोपली मांडीशी घेऊन बसून राहिल्या.

सकाळी धुकं एवढं, की किल्लाच कुणी उचलून नेल्यासारखा झाला. चाकं काळ्या मातीत निम्मी गेली होती. खाजामियाँ गिअर टाकायचे तशी गाडी आणखी खाली बसायची. कालचे पालक धावून आले, पण त्यांच्यात ढकलणारा एक आणि सांगणारे चार. दगड घाला, गवत घाला, उलटं ढकला. सरही धोतर खोचून, म्हणजे पँटचे पाय दुमडून, चिखलात उतरले आणि बसकण मारून पडले. पोरं हसली. काल याच पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी एका भल्या माणसानं ट्रॅक्टर आणला, तोवर धुकं विरून ऊन चटके द्यायला लागलं होतं.

"मी एसटीनं पुढं जाऊ का?" इंदूताई हळूच म्हणाल्या.

"आता कशाला? पोचलोच की!" सर म्हणाले. अंगावरचा चिखल वाळून खडखडत होता, आणि अशा अवस्थेत बायकोनं एकटं सोडून जावं, हे त्यांना सोसवलं नसतं.

मुखेडचे दगडी माळ पावसानं धुऊन निघाले होते. पुढं हवा बदलली, भाताची खाचरं लागली, टपऱ्यांवरच्या पाट्या तेलुगूत दिसायला लागल्या. इंदूताईंचं माहेर जवळ आलं. त्यांनी केस नीट केले, कुंकू लावलं. "अहो, आत गेल्यावर आधी पाया पडा. मग बाहेर बसला तरी चालंल." सर म्हणाले, "हो हो, अर्थात."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि खाजामियाँनी आपण होऊन इंजिन बंद केलं. समोरून पुरुषमंडळी चालत येत होती. अंगावर ओले पंचे. पुढं गुंडेराव, मिशा काढलेले.

इंदूताईंनी बघितलं. दार उघडून त्या खाली उतरल्या आणि नीट चालत, न धावता, घराकडं गेल्या. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

गुंडेराव सरांजवळ थांबले. रडून आवाज बसला होता. "भावजी, काल सांजच्याला गेली. रुद्राणीकाकूंकडं फोन केला, त्या म्हणाल्या, सकाळीच निघाल्यात, पोचतीलच. रातभर वाट बघितली. आज दुपारपर्यंत बघितली. मग लोक म्हणाले, आता ठेवता येत न्हाई. तुम्हाला कळवावं तर कुठं कळवावं? घरच रस्त्यावर."

 गुंडेराव सरांचा दंड धरून अंगणात घेऊन गेले. अंगणाच्या कडेला, पेरूच्या झाडाखाली, चार खांबांवर पत्रे टाकलेली एक टुमदार शेड होती. आत खाट, खाटेवर गादी, पांढरीशुभ्र चादर, उशाशी पाण्याचा तांब्या.

"तुम्ही हितं बसा. तुमचीच जागा हाय," गुंडेराव म्हणाले. "चार वर्षं झाली आईनं करून घेतलीय. जावयाला माळवदाखाली झोप लागायची न्हाई म्हणाली. दर दिवाळीच्या आधी गादीला ऊन दाखवायची."

 एसटीनं आला असता तर, असं तर कुणीच म्हणालं नाही, आणि सरांना तेच सारखं ऐकू येत होतं. मेटाडोर कशाला घेतली? पासिंगसाठी चपला कशाला झिजवल्या? झोपायची सोय तर इथं चार वर्षांपासून अंथरून ठेवलेली होती.

सर खाटेवर बसले नाहीत. ते घराच्या दाराशी गेले. आत मधल्या खोलीत, आईनं जीव सोडला त्या जागी, जमिनीवर दिवा लावलेला होता आणि त्याच्या शेजारी इंदूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर काळ्या तुळया, त्यांच्यावर माती. सरांचे पाय उंबऱ्याशी थांबले. 

इंदूताईंनी वर बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "तुम्ही बाहेर बसा. कुणी काही म्हणायचं न्हाई. सगळ्यांना माहीत हाय."

"तुला त्या पत्र्यांचं ठाऊक होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाहीस ग?"

"काय सांगू? तुम्ही भिता हे साऱ्या देगलूरला माहीत हाय म्हणून? तुम्ही गावोगाव व्याख्यानं देत होता. तुम्हाला किती लागलं असतं." त्यांनी दिव्यात तेल घातलं. "आईच म्हणायची, सांगू नको. भितो तर भितो बिचारा, माणूस चांगला हाय. कधीतरी आपण होऊन सांगंल."

दिव्याची वात जरा हलली. सरांनी चौकट घट्ट धरली. इतक्या मैदानांत इतक्या माणसांसमोर जे जमलं नव्हतं, ते त्यांनी त्या उंबऱ्यात उभं राहून म्हटलं. "इंदू, मला लई भीती वाटती ग. त्या पहाटेपासून वाटती. आत्ताही वाटतीय."

"माहीत हाय मला."

"मी तुझी आई तुला बघू दिली नाही."

 इंदूताईंना यावर नाही म्हणवेना, हो म्हणवेना. पदर तोंडात कोंबून त्या तोवर धरून ठेवलेलं सगळं रडल्या. सर आत आले. वर न बघता, भिंतीला हात लावत लावत आले आणि बायकोच्या शेजारी खाली बसले. माळवदातनं थोडी माती त्यांच्या खांद्यावर पडली, जुन्या घरांतनं रोजच पडते तशी. ते घामानं भिजले, पण उठले नाहीत.

अंधार पडायच्या आधी गुंडेराव दारात आले. पाहुणे बरेच होते, अंथरुणांची व्यवस्था बघायची होती. "भावजी, तुमचं बाहेर शेडमध्येच ना?"

"नको," सर म्हणाले. "इथंच घाल. दोघांचं."

गुंडेरावांनी बहिणीकडं बघितलं.  सरांना टेकायला जागा व्हावी म्हणून इंदूताई थोड्या सरकल्या.